तेरा पायऱ्या

आमच्या घरातल्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. घर घेतलं तेव्हा त्या कुणी मोजल्या नव्हत्या. घर घेताना माणूस खोल्या मोजतो, खिडक्या मोजतो, कर्जाचे हप्ते तर झोपेतसुद्धा मोजतो. जिना कोण मोजतो? वर जायची सोय, एवढीच त्याची ओळख. आज मात्र त्या तेराही पायऱ्या मला तोंडपाठ आहेत. कुठली कुरकुरते, कुठल्या फळीत गाठ आहे, कुठली केसभर बुटकी आहे, हे अंधारात सांगेन. कारण एक अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा (इथे तो वेगळा ओळखता येतो असं नाही) दर शनिवार-रविवार मी त्या जिन्यावर गुडघे टेकून काढला. काम मनापासून केलं, स्वस्तात केलं, आणि त्यातलं निम्मं चुकीच्या गोष्टीसाठी केलं. ती चूक काय होती, ते सांगायचं आहे.

घर इंग्लंडमध्ये, रेडिंगला. लंडनच्या पश्चिमेला आगगाडीने अर्ध्या तासावरचं हे गाव. हंटली अँड पामर्स या बिस्किटांच्या कारखान्यामुळे ते एके काळी ओळखलं जाई. १९०० च्या सुमारास तिथे पाच हजारांवर माणसं कामाला होती. त्या भरभराटीच्या दिवसांत लाल विटांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीच्या ओळी इथे उठल्या. रेडिंगमधलं बिस्किटं भाजणं १९७६ मध्ये थांबलं, घरं राहिली. त्यातल्याच एका ओळीत आमचं घर. दार उघडलं की चार पावलांवर जिना. चढताना डाव्या हाताला शेजाऱ्याची आणि आमची सामाईक भिंत, उजव्या हाताला लाकडी कठडा. सरळसोट, अरुंद आणि चांगलाच उभा.

या जिन्यावर भिंतीपासून कठड्यापर्यंत गालिचा ठोकलेला होता. मरून रंगाचा, त्यावर पिवळट पानं. आपल्याकडे गालिचा म्हटलं की बैठक, पाहुणे, लोड-तक्के असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडच्या जुन्या घरांत तो सगळीकडे असतो, आणि जिन्यावर तर हमखास. आमच्या गालिच्यावरून आधीच्या मालकांची दोन कुत्री आणि कित्येक वर्षांचे बूट गेले होते. हवा दमट असली की त्याला भिजलेल्या घोंगडीचा वास यायचा. पायऱ्यांच्या पुढच्या कडांवर तर तो इतका झिजला होता की लोकर जाऊन आतला ताग दिसू लागला होता.

पण खरं सांगायचं, तर मला वासापेक्षा चित्राने पछाडलं होतं. घरसजावटीच्या मासिकांत ते चित्र नेहमी असतं. गालिचा उचकटून काढलेला, पायऱ्या मधासारख्या चमकताहेत, उभ्या फळ्या पांढऱ्याशुभ्र, आणि खालच्या पायरीवर एक फुलदाणी. त्या चित्रातल्या जिन्यावरून कुणी चढत-उतरत नसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सुताराला विचारलं. जुन्या पायऱ्यांवर ओकच्या फळ्या चढवायचे त्याने अठराशे पौंड सांगितले. नवा गालिचा नुसता बसवून घ्यायचा तर साडेसहाशे. छप्पर दुरुस्त करून झाल्यावर आमच्यापाशी जेमतेम अडीचशे उरले होते. बायको म्हणाली, "राहू दे मग." मी म्हटलं, "मीच करतो."

परदेशातून सुट्टीवर आलेला मराठी माणूस तुम्हाला एकदा तरी ऐकवून गेला असेल : "तिकडची माणसं बघा, घरातली सगळी कामं स्वतः करतात. नाहीतर आपण!" मीही हे वाक्य चारचौघांत टाकलेलं आहे. आता टाकणार नाही. इथल्या सुताराचा एक दिवस माझ्या एका दिवसाच्या पगाराच्या तोलाचा असतो, म्हणून मी पटाशी हातात घेतो. पुण्यात माझ्यासारखीच नोकरी करणाऱ्याला एका दिवसाच्या पगारात सुताराचे कितीतरी दिवस विकत घेता येतात, म्हणून तो फोन उचलतो. यात कुणाच्या अंगी सद्गुण जास्त असा प्रश्नच नाही. साधं त्रैराशिक आहे. ज्या देशात हातकाम करणाऱ्याला बरा दाम मिळतो, तिथे बाकीच्यांना आपले हात वापरावे लागतात.

त्याचा एक परिणाम मात्र होतो. काम सुरू करताना मला कळलं, की जिन्याच्या भागांना माझ्या मातृभाषेत काय म्हणतात ते मला सांगता येत नाही. पायरी आणि कठडा, संपला शब्दकोश. ज्या फळीवर पाऊल पडतं ती कुठली, तिला खालून धरून ठेवणारी कुठली, दोन्ही बाजूंच्या तिरप्या तुळयांना काय म्हणायचं? आमच्या घराण्यात कित्येक पिढ्या लाकडी जिने चढल्या असतील. पण जिना चढणारे एक आणि तो घडवणारे दुसरे अशी वाटणी आपल्याकडे इतकी पक्की झाली, की शब्दसुद्धा घडवणाऱ्यांच्या आळीतच राहिले. आमच्यापर्यंत फक्त फळी आली.

माझं लहानपण पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. माडीवर आमच्या दोन खोल्या. जिना अंधारा, उभा, शिडीपेक्षा जरा बरा इतकाच. कठडा नव्हताच, वरच्या तुळईला बांधलेला एक जाड दोर खाली सोडलेला होता. तो उजव्या हातात धरायचा आणि चढायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी तो दोर काळा आणि गुळगुळीत झाला होता. वरून नववी पायरी मोडकी. फळी एका बाजूने खचलेली. तिच्यावर पाय द्यायचा नाही, हे आम्हा मुलांना चालायला शिकतानाच शिकवलेलं. आलेल्या पाहुण्याला खालूनच ओरडून सांगायचं, "नववी सोडा!" ती पायरी मी तिथे राहिलो तोवर कुणी बदलली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली, त्यामुळे मालक म्हणे, मला त्यात परवडत नाही. भाडेकरू म्हणत, वाडा तुमचा, आम्ही का खर्च करायचा? दोघांचंही खरं होतं. त्या दोन खऱ्यांच्या मधल्या भोकावरून सहा बिऱ्हाडं वर्षानुवर्षं उडी मारून गेली. दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा घेऊन माझी आई गेली.

त्यामुळे स्वतःच्या मालकीच्या जिन्यावर पहिली पहार लावताना मला जरा भरून आलं होतं, हे कबूल करतो.

गालिचा काढणं सोपं. वरून सुरुवात करायची, सुरीने दर दोन पायऱ्यांना आडवा कापायचा, पकडीने कोपरा धरून ओढायचा. फर्रकन निघतो. निघताना जी धूळ उडते ती मात्र पाहण्यासारखी. निम्मी तर आधीच्या कुटुंबांचीच. खालचं फोमचं अस्तर पिठासारखं भुगा झालेलं. मग खऱ्या कामाला हात लागतो. गालिचा ताणून धरायला प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दोन लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, एक आडव्या फळीवर, एक उभ्या फळीवर. त्यांतून बारीक तिरपे खिळे वर आलेले. तेरा दुणे सव्वीस पट्ट्या, आणि अस्तराच्या शेकडो पिना. या पिना एकेक करून पेचकसाने उचकायच्या आणि पकडीने ओढायच्या. एक जरी राहिली तरी ती तुमच्या पायाला शोधत येते. पहिल्या दोन सुट्ट्या यातच गेल्या. गुडघ्यांना बांधायच्या गाद्या बारा पौंडांना मिळतात. त्या मी दुसऱ्या आठवड्यात घेतल्या; पहिल्या दिवशी घ्यायला हव्या होत्या.

अस्तराखाली तिसऱ्या पायरीवर वर्तमानपत्राची घडी सापडली. १९७१ मधली. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला ब्रिटनने शिलिंग-पेन्स सोडून दशमान चलन घेतलं. तेव्हा जाहिरातींत प्रत्येक वस्तूच्या दोन-दोन किमती, जुनी आणि नवी. आपण हे १९५७ मध्येच उरकलं होतं, तरी माझी आजी मरेपर्यंत आण्यांत हिशेब करायची. पायरीवर बसून मी अर्धा तास त्या जाहिराती वाचल्या. घरदुरुस्तीला ठरल्यापेक्षा वेळ का लागतो, याचं हेही एक कारण आहे.

आणि मग लाकूड दिसलं. साधं पाइनचं, पण शंभरावर वर्षांचं, घट्ट रेषांचं. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना गडद तपकिरी रंगाचा जाड थर, आणि मधोमध साडेबावीस इंचांचा पट्टा कोराच. शेजारचे आजोबा, जन्मभर याच गल्लीत राहिलेले, बघायला आले. त्यांनी उलगडा केला. पूर्वी जिन्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा परवडायचा नाही. मधूनच एक अरुंद पट्टा सोडायचा, प्रत्येक पायरीच्या कोनात पितळी सळईने दाबायचा आणि दिसणाऱ्या कडा तेवढ्या रंगवायच्या. जाणती गृहिणी पट्टा हातभर जास्तच घेई आणि जादा लांबी टोकाला दुमडून ठेवी. दर काही महिन्यांनी सळया काढून तो थोडा वर-खाली सरकवला की झिजलेली जागा पायरीच्या कडेवरून आत जाई आणि कोरी जागा कडेवर येई. असा पट्टा दुप्पट टिके. पैसे वाचवण्यातही एवढी बुद्धी लावता येते, याचं मला कौतुक वाटलं. त्यातला खरा मुद्दा मात्र तेव्हाही माझ्या डोक्यावरून गेला. हातात पैसा नसताना त्या बायकांनी कडा उघड्या ठेवल्या. जिथे पाऊल पडतं, ती जागा उघडी ठेवली नाही.

कुरकुर कशी घालवायची तेही आजोबांनीच शिकवलं. जिन्याखालच्या कपाटात आडवं पडून, डोळ्यांत विजेरीचा उजेड आणि तोंडात जाळी घेत, पायऱ्यांची पाठ बघायची. फळ्या बाजूच्या तुळयांच्या खाचांत बसवलेल्या असतात आणि खालून लाकडी पाचर मारलेली असते. वर्षानुवर्षं हिवाळ्यात घर तापवून लाकूड सुकतं, आकसतं, पाचर सैल होते आणि फळी खिळ्यावर घासून बोलू लागते. पाचर काढायची, सरस लावायचा, पुन्हा ठोकायची. आठ पायऱ्या अशा गप्प केल्या. खर्च सरसाच्या एका बाटलीचा. सुतारकामात बरंचसं शहाणपण पाठीमागून बघण्यात असतं, असं आजोबा म्हणाले आणि चहाला गेले.

आता जरा गंभीर गोष्ट. जुना रंग खरवडायच्या आधी त्यात शिसं आहे का, हे तपासायलाच हवं. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापर्यंत घरगुती रंगांत शिसं सर्रास असे. सर्वसाधारण विक्रीवर बंदी यायला १९९२ उजाडलं. तपासणीच्या काड्या दुकानात मिळतात. आमच्या कडांवर घासली तर काडी लालभडक झाली. असा रंग कोरडा घासायचा नाही. त्याची धूळ श्वासातून जाते, जमिनीवर बसते, रांगत्या मुलाच्या बोटांना लागून पोटात जाते, आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूला जी इजा करतं ती भरून येत नाही. तेव्हा रंग मऊ करणारी लुकण लावायची, तो ओलाच खरवडायचा, गोळा करून पिशवीत बांधायचा, तोंडावर साधं फडकं न बांधता बारीक धूळ अडवणारा चांगला मुखवटा लावायचा आणि पोरांना त्या भागात फिरकू द्यायचं नाही. हे मी इंग्लंडपुरतं सांगत नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्या दिवाळीच्या तोंडावर कोरड्या काचकागदाने खसाखसा घासणारे रंगारी, आणि शेजारीच खेळणारी घरातली मुलं, आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. रंगाऱ्याला पाणी शिंपडून घासायला सांगा. आणि त्याच्यासाठीही मुखवटा आणून द्या. त्याला दिवसाचे आठ तास तेच काम आहे.

शिसं, पिना, पाचर, लांबी, काचकागद, दोन हात अस्तराचा रंग, मग उभ्या फळ्यांना पांढरा आणि आडव्यांना पारदर्शक चकचकीत वॉर्निश. सप्टेंबरअखेर काम संपलं. एकूण खर्च २१४ पौंड. मी खालच्या पायरीवर फुलदाणी ठेवली. होय, ठेवली. फोटो काढला आणि पुण्याला आईला पाठवला. तिचा फोन आला, "छान दिसतोय रे. धरायला काय आहे?" मी म्हटलं, "अगं कठडा आहे की." ती म्हणाली, "एकाच बाजूला?"

नोव्हेंबरात आई आमच्याकडे आली. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे, डावा खांदा आखडलेला. थंडी तिला सोसत नाही, म्हणून बायकोने तिला लोकरीचे जाड मोजे आणले होते. आल्याच्या नवव्या दिवशी सकाळी ती जिना उतरत होती. उतरताना आमचा कठडा डाव्या हाताला येतो, म्हणजे नेमका तिच्या आखडलेल्या बाजूला. उजवीकडे नुसती भिंत. वॉर्निश केलेलं लाकूड आणि लोकरीचा मोजा यांची गाठ पडली. वरून चौथ्या पायरीवर तिचा पाय कडेवरून सुटला आणि ती पाच पायऱ्या बसत-घसरत खाली आली. आधाराला टेकवलेल्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. तो आवाज मी विसरू शकत नाही, आणि त्यानंतर लगेच आलेला तिचा आवाजही, "काही नाही, काही नाही, घाबरू नकोस."

सहा आठवडे प्लास्टर. जेवण चमच्याने, तेही डाव्या हाताने. वेणी बायको घालायची. आई कुणालाही एका शब्दाने बोलली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझंच लक्ष नव्हतं." तिच्या पिढीच्या बायकांना हे एक वाक्य बरोबर पाठ असतं. नववी पायरी मोडकी असतानाही वाड्यात जी पडे ती हेच म्हणे.

पण लक्ष तिचं नव्हतं की माझं? मी टेप घेऊन बसलो, जे उन्हाळ्याच्या आधी करायचं ते डिसेंबरात केलं. पायरीची उंची २०५ मिलिमीटर, पाऊल ठेवायची जागा २१५. इंग्लंडच्या आजच्या नियमांप्रमाणे घरातल्या जिन्याची पायरी २२० पेक्षा उंच असू नये, पाऊल ठेवायची जागा २२० पेक्षा कमी असू नये आणि चढ ४२ अंशांच्या आत असावा. आमचा ४३ च्या वर जातो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरांसाठी हेच आकडे आणखी बेताचे आहेत, उंची जास्तीत जास्त १९० आणि जागा कमीत कमी २५०. पायरी अरुंद असली की उतरताना तळव्याचा पुढचा भाग कडेबाहेर लोंबतो आणि सगळा भार त्या कडेवर येतो. माणसं चढताना पडतात त्यापेक्षा उतरताना जास्त पडतात, ती यामुळेच. म्हणजे गालिचा नेमका कडेवर झिजला होता, तो उगाच नव्हता झिजला. शंभर वर्षं तो त्या कडेवर पावलांना धरून ठेवत होता. मी त्याला कुरूप आणि वासट म्हणून फेकून दिलं आणि त्याच्या जागी काच लावावी तसं वॉर्निश लावलं.

अडीचशे पौंडांतले २१४ मी डोळ्यांवर खर्च केले होते. पायांच्या वाट्याला गुडघ्यांच्या गाद्या तेवढ्या आल्या, त्याही माझ्याच.

जानेवारीत पुन्हा बसलो. गालिच्याच्या दुकानात मोठ्या गुंडाळीचं उरलेलं टोक स्वस्तात मिळतं. लोकरीचा, आखूड आणि घट्ट विणीचा साडेबावीस इंचांचा पट्टा, कडा शिवून, १६० पौंडांना पडला. जुन्याच जागी मधोमध बसवला, खाली दाट अस्तर घालून आणि प्रत्येक कडेवर ताणून. इथे एक सूचना : मऊ आणि जाड गालिचा जिन्यावर घालू नका. तो कडेला गोल करतो आणि पायरी आहे त्याहून अरुंद होते. मग भिंतीच्या बाजूला दुसरा कठडा. गोल लाकडी दांडा, बोटं पूर्ण मिटून धरता येईल एवढाच जाड, पायरीच्या कडेपासून ९०० मिलिमीटर उंचीवर. जुन्या विटांच्या मधला चुना पिठासारखा झालेला असतो; त्यात ड्रिल केलं तर खुंटी धरत नाही. विटेचा मध्य शोधायचा. दोन भोकं चुकली, ती लांबीने बुजवली, अजून दिसतात. दांडा खालच्या पायरीवरच न संपवता पुढे फूटभर नेला. हात संपल्यावर पाय संपायला नको. दांडा, ब्रॅकेटं, स्क्रू मिळून ४५ पौंड. म्हणजे पहिल्यांदाच शहाणपण सुचलं असतं, तर सगळ्या जिन्यात हे दोन खर्च आधी आले असते आणि वॉर्निश उरलेल्या पैशांत. उरले नसते तर नसतं लावलं.

हे सगळं रेडिंगच्या जिन्यावरून लिहितोय, पण लिहिताना डोळ्यांपुढे पुण्या-नाशिकचे, सांगली-कोल्हापूरचे जिने येताहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे बंगले आणि रो-हाउसेस झाली. त्यांत जिना म्हणजे घराची शान. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा घासलेला, पायरीची कड गोल करून पॉलिश केलेली. रोज सकाळी त्यावरून ओलं फडकं फिरतं आणि ते वाळायच्या आत आजोबा पेपर आणायला खाली उतरतात. कठडा एका बाजूला, तोही काचेचा. धरायला वर सपाट रुंद पट्टी, तिच्यावर हात ठेवता येतो, पकडता येत नाही. गावाकडच्या नव्या स्लॅबच्या घरांत तर कठड्याची वेळ येईपर्यंत पैसे संपलेले असतात. गच्चीवरचा जिना उघडाच राहतो आणि धान्य वाळत घालायला सासूबाई त्यावरून वर जातात. वास्तुशांतीला आलेला पाहुणा दगडाचा भाव विचारतो. पायरीची उंची कुणी विचारत नाही.

घरात जिन्यावर सगळ्यांत कच्चं पाऊल कुणाचं आहे, त्या माणसाला आधी दोनदा चढायला-उतरायला लावावं आणि मग रंगाचा डबा उघडावा. पैसे थोडे असले तर हे अधिकच खरं. थोड्या पैशांत सगळं होत नाही, काहीतरी मागे टाकावं लागतं. आणि मागे टाकलं जातं ते नेहमी म्हाताऱ्यांचं आणि लहानांचं, कारण ते तक्रार करत नाहीत. ग्रॅनाइट आधीच बसवून झाला असेल तरी बिघडत नाही. कडेवर खरखरीत पट्ट्या चिकटवता येतात, दगडावर कडेलगत खाचा मारून घेता येतात, जिन्यात वर-खाली दोन्हीकडून लागणारा दिवा बसवता येतो. यातलं काहीही करायला सुताराची किंवा गवंड्याची एका दिवसाहून जास्त गरज नाही. एवढ्यासाठी स्वतः गुडघे टेकायची तर मुळीच नाही.

स्वतः केल्याने एक गोष्ट मात्र मला मिळाली, ती नाकारत नाही. पैसे टाकून काम करून घेतलं असतं तर आई पडल्यावर मी सुताराला दोष दिला असता. आमच्या वाड्यात सगळे एकमेकांना देत तसा. इथे तेरा पायऱ्यांवर माझ्याशिवाय कुणाचाच हात फिरला नव्हता, त्यामुळे बोट दाखवायला जागा नव्हती. मग टेप घ्यावा लागला.

मार्चमध्ये प्लास्टर निघून बरेच दिवस झाल्यावर आईने नवा दांडा पहिल्यांदा नीट पाहिला. उजव्या हाताने धरला, दोनदा हलवून बघितला आणि तळहात त्यावरून फिरवला. म्हणाली, "दोरासारखा आहे." मग मधल्या गालिच्यावर पाय ठेवत एकेक पायरी उतरली, वळली आणि कुणी न सांगता पुन्हा वर गेली.

एप्रिलात ती पुण्याला, धाकट्या भावाकडे परतली. त्याच्या रो-हाउसचा जिना ग्रॅनाइटचा. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला होता. तो ऑफिसात असताना आईने सुताराला बोलावून भिंतीच्या बाजूने सागवानी दांडा बसवून घेतला. त्याचे पैसे तिने आपल्या पेन्शनमधून दिले आणि दांडा खाली फूटभर पुढे काढायला लावला. भाऊ वैतागला होता. त्याचं म्हणणं, इटालियन रंगाच्या भिंतीवर तो दांडा अगदी विजोड दिसतो.